आईंच्या झिंकच्या गोळीबद्दल: डोस वाढवण्याआधी हे वाचा

ऐरोलीहून एका गृहस्थांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या आई 76 वर्षांच्या, ठाण्यात पाचपाखाडीला एकट्या राहतात. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, आठवडाभर दाखल होत्या. तिथे केलेल्या तपासणीत सीरम झिंक, म्हणजे रक्तातलं झिंक, 58 आलं. घरी आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून 50 मिलिग्रॅमची झिंकची गोळी सुरू झाली, ती आठ महिने रोज चालू आहे. तोंडाला चव नाही, जेवण जात नाही, सर्दी-खोकला अधूनमधून असतोच. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल चालू आहे. हिमोग्लोबिन 9.6 आहे, दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढलेलं नाही. सगळ्यात शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘हल्ली चालताना तोल जातो, पायाला मुंग्या येतात, पण ते वयामुळे असावं.’ त्यांना विचारायचंय ते असं: प्रतिकारशक्तीसाठी झिंकचा डोस वाढवू का? आणि घरी सासूबाई आहेत, वय 70, तब्येत ठणठणीत, त्यांनाही सुरू करू का?

डोस वाढवू नका. उलट ती गोळी आजपासून बंद ठेवा. झिंक अचानक थांबवल्याने काही बिघडत नाही, हळूहळू कमी करत आणायची गरज नसते. आणि या आठवड्यात आईंना त्यांच्या फिजिशियनकडे घेऊन जा, कारण तुम्ही जाता जाता लिहिलेली ती शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त खटकली.

झिंक बराच काळ जास्त प्रमाणात पोटात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन जास्त तयार करू लागतात. हे प्रथिन झिंकपेक्षाही तांब्याला घट्ट धरून ठेवतं. मग जेवणातून आलेलं तांबं रक्तात पोचतच नाही, त्या पेशींमध्येच अडकतं. आतड्याच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात, त्यांच्याबरोबर तेही शौचावाटे निघून जातं. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठत जातं, तिथे आम्ही झिंक औषध म्हणून देतो ते नेमकं याचसाठी. ज्यांच्या अंगात तांबं जास्त नाही त्यांना तेच झिंक महिनोन्महिने दिलं तर तांब्याची कमतरता होऊ शकते.

तांबं कमी पडलं की काय होतं ते पाहा. रक्त कमी होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही, कारण आलेलं लोह वापरायलाच तांबं लागतं. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल घटतात. जंतूंवर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या पेशी त्या याच, म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी प्रतिकारशक्तीलाच मारक ठरते. आणि मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा होते: पायाला मुंग्या, तळवे बधिर, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं. बी-12 कमी पडल्यावर होतं तसंच हे चित्र दिसतं, म्हणून पुष्कळदा नुसतं बी-12 चं इंजेक्शन देऊन थांबलं जातं. तांबं भरून काढल्यावर रक्त काही आठवड्यांत सुधारतं. नसांचं तसं नसतं, तिथे झालेलं नुकसान बऱ्याचदा पूर्ण भरून येत नाही. म्हणून घाई करा म्हणते.

आईंना हेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. तांब्याच्या कमतरतेचे जे ठळक रुग्ण नोंदले गेलेत त्यातले बरेच जण रोज 100 मिलिग्रॅमच्या पुढे झिंक घेत होते. पण 50 च्या आसपासच्या डोसनेही काही आठवड्यांत तांब्यावर चालणाऱ्या एन्झाइमचं काम मंदावतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. शिवाय पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 चं शोषण कमी होतं, तेही कारण असू शकतं. दोन्ही एकदम असू शकतात. तेव्हा संपूर्ण रक्तगणना, बी-12, सीरम कॉपर (रक्तातलं तांबं), सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), आणि सोबत सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी) व अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) एवढं करून घ्या. मुंग्या आणि तोल यासाठी फिजिशियन न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील, तर टाळू नका.

डॉक्टरांकडे जाताना झिंकची स्ट्रिप बरोबर न्या. तिच्यावरचे 50 मिलिग्रॅम कशाचे आहेत ते बघायचंय. झिंक सल्फेटमध्ये प्रत्यक्ष झिंक साधारण 23 टक्के असतं, ग्लुकोनेटमध्ये 14 टक्के. काही पाकिटांवर क्षाराचं, म्हणजे सल्फेट किंवा ग्लुकोनेटसकट सगळं, वजन ठळक छापतात, काहींवर प्रत्यक्ष झिंकचं, ज्याला ‘एलिमेंटल’ म्हणतात. पन्नास मिलिग्रॅम प्रत्यक्ष झिंक असेल तर ते वरच्या मर्यादेच्याही पुढे जातं: भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीत बाईला रोज 13.2 आणि पुरुषाला 17 मिलिग्रॅम झिंक सांगितलंय, आणि अन्न-गोळ्या सगळं धरून 40 च्या पुढे जाऊ नये असं म्हटलंय. आणखी एक तपासा. आई कवळी लावत असतील आणि ती बसवायला पेस्ट वापरत असतील, तर ट्यूबवर झिंक लिहिलंय का ते वाचा. आता बऱ्याच कंपन्यांनी ते काढून टाकलंय, पण पूर्वी अशा पेस्टमुळेच लोकांच्या नसा खराब झालेल्या आहेत. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातलंही झिंक मोजायचं.

आता त्या 58 कडे येते. हा आकडा वाचून घाबरायला होतं, कारण लॅबच्या कागदावर त्याच्यासमोर ‘कमी’ असं लिहिलेलं असतं. पण ती तपासणी न्यूमोनियात झाली. अंगात जंतुसंसर्ग असला की यकृत रक्तातलं झिंक स्वतःकडे ओढून घेतं. त्यामागे हेतू आहे: जंतूंनाही वाढायला झिंक लागतं, ते त्यांना मिळू द्यायचं नाही. अशा वेळी घेतलेल्या रक्तात झिंक कमी दिसणारच. शिवाय रक्तातलं बरंचसं झिंक अल्ब्युमिनला धरून असतं, आणि आजारी म्हाताऱ्या माणसाचं अल्ब्युमिन उतरलेलं असतं. शरीरात मिळून दोनेक ग्रॅम झिंक आहे, त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, एक टक्काही नाही. एवढ्याशा अंशावरून साऱ्या शरीराचा अंदाज बांधायचा, तर निदान वेळ तरी नीट निवडायला हवी: माणूस बरा असताना, सकाळी उपाशीपोटी, झिंकसाठी असलेल्या खास ट्यूबमध्ये, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. आईंचं झिंक पुन्हा तपासायचं झालं तर गोळी बंद करून काही आठवडे गेल्यावर.

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग झिंकचं काही खरंच नाही का? आहे, आणि म्हातारपणी तर नक्कीच आहे. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथे शिकून तयार होतात. वयाबरोबर ती आक्रसते. तिचं थायम्युलिन नावाचं संप्रेरक झिंक असल्याशिवाय कामच करत नाही. झिंक कमी पडलेल्या तरुणाची प्रतिकारशक्ती आणि म्हाताऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती यांत बरंच साम्य दिसतं: टी पेशी कमी आणि मंद, जखम भरायला वेळ, आणि अंगात सतत बारीक दाह. लोह यकृतात साठतं, जीवनसत्त्व अ साठतं, झिंकची मात्र अशी गंगाजळी नसते. ते रोज ताटातून यावं लागतं.

माणसात झिंकची कमतरता होते हे दाखवून दिलं ते डॉ. आनंद प्रसाद यांनी. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, 1958 साली इराणमध्ये शिराझला काम करत होते. एकवीस वर्षांचा एक तरुण आला, तो दिसत होता दहा वर्षांच्या मुलाएवढा. न आंबवलेली गव्हाची रोटी हेच त्याचं मुख्य अन्न, मांस जवळजवळ नाही, आणि माती खायची सवय. धान्यात फायटेट असतं, ते आतड्यात झिंकला बांधून ठेवतं; पीठ आंबवलं की ते फुटतं. आपली पोळी आणि भाकरीही न आंबवलेलीच, हे इथे लक्षात घ्या. पुढे 2007 मध्ये प्रसादांनीच 55 ते 87 वयाच्या 50 लोकांवर वर्षभराचा प्रयोग केला: एका गटाला रोज 45 मिलिग्रॅम प्रत्यक्ष झिंक, दुसऱ्याला खोटी, औषध नसलेली गोळी. वर्षात संसर्ग झाला तो झिंकवाल्यांत 29 टक्के लोकांना, दुसऱ्या गटात 88 टक्क्यांना. आकडे डोळे दिपवणारे आहेत, प्रतिकारशक्तीच्या सगळ्या जाहिराती यांच्यावरच उभ्या असतात. पण माणसं पन्नासच होती, आणि एवढ्या लहान प्रयोगावरून घरोघरी वर्षभर गोळी वाटावी असं म्हणता येत नाही. अमेरिकेत वृद्धाश्रमांत केलेल्या नंतरच्या एका प्रयोगात ज्यांचं झिंक कमी होतं त्यांना 30 मिलिग्रॅम तीन महिने दिलं, तेव्हा टी पेशी वाढल्या. मी या सगळ्यातून एवढंच घेते: ज्याला कमी आहे त्याला भरून दिलं तर फायदा होतो. ज्याला पुरेसं आहे त्याला आणखी दिल्याने प्रतिकारशक्ती आणखी वाढत नाही.

करोनात काय झालं ते आठवा. घरोघर व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या स्ट्रिपा आल्या. करोना झालेल्या लोकांना 50 मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेट देऊन 2021 मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध झाला त्यात लक्षणं लवकर गेल्याचं दिसलं नाही. साथ ओसरली तरी कित्येक घरांत ती गोळी सवयीने चालूच राहिली. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांच्या औषधांच्या डब्यात ती अजून सापडते, आणि कोणी सांगितली होती ते कुणालाच आठवत नसतं.

खरा प्रश्न आहे तो ‘जेवण जात नाही’ या तुमच्या वाक्यात. आई दिवसभर काय खातात हे तुम्ही लिहिलं नाही, पण ठाण्यात एकट्या राहणाऱ्या, कवळी लावणाऱ्या बायकांचं खाणं मला पाठ आहे. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं. दुपारी मऊ भात, वर पातळ वरण. चारला चहा-टोस्ट. रात्री दूधभात, की झोप. मोजून बघू: भाताचं दोन्ही वेळचं मिळून एक मिलिग्रॅम झिंक, वरणाचं अर्धं, दुधाचं अर्धं-पाऊण, बिस्किट-टोस्टचं थोडंसं. सगळं मिळून तीनाच्या आसपास येतं. हवंय 13. प्रथिनंही अशा ताटात जेमतेम 25 ग्रॅम असतात, निम्म्यानेही भागत नाही. न्यूमोनियातून उठलेल्या बाईच्या मांड्यांचं मांस झडतं ते यामुळे, आणि खोकून कफ बाहेर टाकायला जी ताकद लागते तीही जाते.

यात बदल करायचा तो त्यांना चावता येईल आणि आवडेल असाच. सकाळी बिस्किटांऐवजी भाजणीचं मऊसर थालीपीठ आणि दही, किंवा ज्वारीच्या पिठाचं ताक घालून रात्रभर ठेवलेलं आंबील. आंबवण्याने, भिजवण्याने, मोड आणण्याने धान्या-कडधान्यातलं फायटेट फुटतं आणि तेच झिंक जास्त अंगी लागतं. आपल्याकडे हे सगळं स्वयंपाकातच बसलेलं होतं. ठाण्यात वालाचं बिरडं कशाला म्हणतात हे कुणाला सांगायला नको: कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. सोलण्याचं काम वेळखाऊ आहे, आईंना एकटीने होणार नाही. रविवारी तुम्ही जाल तेव्हा दोघांनी बसून सोला आणि दोन डब्यांत करून फ्रीजमध्ये ठेवा. मोडाची मटकी, मूग तसेच चालतील, फक्त कुकरला चांगले मऊ शिजवून, थोडे घोटून.

मऊ भातावर नुसतं तूप-मीठ न घालता मेतकूट घाला, दोन मोठे चमचे. जेवणात तिळाची किंवा शेंगदाण्याची कुटून बारीक केलेली चटणी, दह्यात कालवून. शंभर ग्रॅम तिळात सात-आठ मिलिग्रॅम झिंक असतं, म्हणजे चटणीच्या दोन चमच्यांत एकाच्या आसपास. तिळात, शेंगदाण्यात, काजूत झिंकबरोबर तांबंही भरपूर आहे, गोळीत असतो तसला एकांगीपणा अन्नात नसतो. (तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर चालेल का, असं तुम्ही विचाराल. पाण्यात किती तांबं उतरतं याचा भरवसा नाही, त्याला उपचार समजू नका.)

सामिष खाणाऱ्या असतील तर काम बरंच सोपं होतं. प्राणिज अन्नात फायटेट नाही, झिंक चांगलं शोषलं जातं. शंभर ग्रॅम मटणात चारेक मिलिग्रॅम झिंक असतं. पण घरोघर म्हाताऱ्यांना पायाचं सूप देतात आणि मटण बाकीचे खातात. झिंक सुपात नाही, मांसात आहे. कवळीला मटण चावत नसेल तर खिमा करा, बारीक, मऊ, आठवड्यातून दोनदा वाटीभर. कोंबडीची तंगडी छातीच्या मांसापेक्षा बरी. मासळीत बोंबील, सुरमई यांच्यात झिंक फारसं नाही, प्रथिनांसाठी खा. झिंक आहे ते चिंबोरीत आणि कालवांत. कालवांत तर कुठल्याही अन्नापेक्षा जास्त. मात्र ठाणे खाडीच्या कडेची कालवं-तिसऱ्या मी वृद्धांना सांगत नाही. ही जनावरं पाणी गाळून जगतात, आणि पाण्यात कारखान्यांचं आणि गटाराचं जे काही येतं ते त्यांच्या अंगात साठतं. अंडं रोज एक द्या, झिंक अर्ध्या मिलिग्रॅमच्या वरच, पण प्रथिन उत्तम.

हे सगळं जमलं तरी आईंचं झिंक सात-आठ मिलिग्रॅमच्या पुढे जाणं कठीण आहे. 76 व्या वर्षी भूकच तेवढी असते. म्हणून गोळीच्या विरोधात मी नाही. तांब्याचा अहवाल ठीक आला, तर डॉक्टरांना विचारून 10 ते 15 मिलिग्रॅम प्रत्यक्ष झिंक असलेली, सोबत तांबंही असलेली साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी जेवणानंतर तीन महिने द्यावी आणि मग थांबून बघावं. रिकाम्या पोटी झिंकने मळमळतं, आधीच जेवण जात नसलेल्या माणसाला ते नको. लोहाची गोळी आणि झिंक एका वेळी देऊ नका, एक सकाळी, एक रात्री. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखं अँटिबायोटिक कधी चालू झालं तर तेवढे दिवस झिंक बंदच ठेवलेलं बरं, दोन्ही पोटात एकत्र आली की अँटिबायोटिक नीट शोषलं जात नाही.

चव नसण्याचं खापर लगेच झिंकवर फोडू नका. आधी, आईंना कवळी असेल तर ती काढून, तोंडात बघा. जिभेवर, टाळूवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी आहे. न्यूमोनियात जोरदार अँटिबायोटिक दिल्यावर, आणि कवळी रात्री तोंडातच ठेवणाऱ्यांना ती हमखास होते. आठवडा-दोन आठवड्यांच्या औषधाने जाते आणि चव परत येते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायला लावा. दुसरं, रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितल्यावर आईंनी ते अगदी बंद तर केलं नाही ना, ते विचारा. कित्येक जण अळणी खातात आणि मग खाणंच सोडतात. लिंबू, कोकम, आलं, कढीपत्ता, हिरवी मिरची सोसत असेल तर तीही, याने तोंडाला चव येते.

औषधांबद्दल दोन शब्द. क्लोरथॅलिडोनसारख्या गोळीने लघवीवाटे झिंक जास्त जातं, आणि पँटोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी झालं की झिंकचं शोषणही कमी होतं. रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवायची नाही, त्याने धोका वाढेल. पण पँटोप्राझोल का चालू आहे, किती वर्षं चालू आहे, हे डॉक्टरांना नक्की विचारा. दवाखान्यातून घरी सोडताना पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ही गोळी घरात वर्षानुवर्षं चालते. गरज नसेल तर डॉक्टर ती हळूहळू कमी करून बंद करतील.

सासूबाईंना झिंक सुरू करू नका. ठणठणीत आहेत, चारीठाव जेवतात असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, त्यांना गोळीतून मिळण्यासारखं काही नाही. त्या दोघींनाही न्यूमोनियाची आणि फ्लूची लस झाली आहे का, हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आपल्या भागात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, तेव्हा ती लस एप्रिल-मे महिन्यात घ्यायची, दर वर्षी. न्यूमोकॉकल लस आईंना कधी आणि कुठली द्यायची ते त्यांच्या फिजिशियनना त्याच भेटीत विचारून घ्या. आणि रक्ताचे अहवाल आले की तोलाचा त्रास कधी सुरू झाला, गोळीच्या आधी की नंतर, हे आईंना शांतपणे विचारून, महिना आठवेल तसा लिहून, त्या कागदासकट डॉक्टरांना दाखवा.